लांब इंग्रजी ॲडव्हर्बची फोड दर वेळी का चुकते, आणि ती कशी सुधारायची

तक्रार साधारण अशी असते. सहावी-सातवीतल्या मुलाला ‘अनफॉर्च्युनेटली’ हा शब्द फोडून आणायला सांगितलेलं असतं. मुलगा शब्द वहीत देवनागरीत लिहून घेतो, मध्ये पेन्सिलीने उभ्या रेघा मारतो आणि सांगतो, सात तुकडे. शाळेत बाईंनी फळ्यावर पाच केलेले असतात. आई गाईड उघडते, तिथे चारच दिसतात. मोबाइलवरची डिक्शनरी लिहून पाच दाखवते, पण स्पीकरचं चित्र दाबलं की आतला अमेरिकन आवाज चारातच शब्द संपवतो. शेवटी बाईंचं उत्तर पाठ होतं. पुढच्या आठवड्यात ‘अनकम्फर्टेबली’ येतो आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून सुरू.

मी मराठी माध्यमाच्या मुलांना इंग्रजी शिकवते. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे, त्यामुळे सहावीपर्यंत येताना मुलांनी हजारेक इंग्रजी शब्द तरी पाहिलेले असतात. तरीही हा गोंधळ जवळजवळ प्रत्येक वर्गात होतो, आणि त्यात मुलांच्या हुशारीचा काही दोष नाही. सात, पाच आणि चार ही तिन्ही उत्तरं बरोबर आहेत. फक्त ती तीन वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत आणि मुलाला प्रश्न एकच दिसतो.

एक सूचना आधीच करते. इथे मी इंग्रजी अक्षरं यू, एन, एफ अशी नावांनी लिहिली आहेत. तुम्ही वहीत रोमन लिपीतच लिहा. का, ते लगेच कळेल.

सात आले कुठून?

देवनागरीत शब्द लिहिला की अक्षरं होतात अ, न, फॉ, र्च्यु, ने, ट, ली. मोजा, सातच आहेत. मुलगा मोजायला चुकलेला नाही. पण आपण ज्याला अक्षर म्हणतो आणि इंग्रजीत ज्याला सिलॅबल म्हणतात (एका ठोक्यात म्हटला जाणारा, एक स्वर असलेला आवाजाचा तुकडा), त्या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

आपलाच ‘पुस्तक’ घ्या. लिहिताना पु, स्त, क अशी तीन अक्षरं. तोंडाने मात्र आपण पुस्-तक् म्हणतो, दोनच ठोक्यांत. लिहिताना स् पुढच्या त ला जोडला जातो आणि बोलताना तो मागच्या पु बरोबर जातो. शेवटच्या क मधला अ तर आपण उच्चारतच नाही. शाळेत वृत्तं शिकताना ज्यांनी लघु-गुरूच्या खुणा केल्या असतील त्यांना हे ओळखीचं वाटेल. जोडाक्षरामुळे आधीच्या अक्षरावर आघात येत असेल तर ते अक्षर गुरू धरायचं, हा नियम. ‘पुस्तक’मधला पु ऱ्हस्व असूनही गुरू होतो, कारण तो स् त्याच्या वाट्याला येतो. म्हणजे कानाला कळणारा तुकडा आपल्या छंदशास्त्राने फार पूर्वीच ओळखला आहे. लिपी तो दाखवत नाही, एवढंच.

म्हणून पहिली दुरुस्ती: इंग्रजी शब्द देवनागरीत लिहून त्याची फोड करू नका. देवनागरीत लिहायचीच वेळ आली तर पाय मोडून लिहा, अन्-फॉर्-च्यु-नट्-ली. आता सातचे पाच होतात, आणि हे पाच कानाने दिलेले आहेत.

टाळ्या वाजवून सिलॅबल मोजायची पद्धत बऱ्याच शाळांत आहे. चांगली आहे, पण मराठी माध्यमात ती एका ठिकाणी दगा देते. मुलाने शब्द आधी देवनागरीत पाहिला असेल तर तो डोळ्यांपुढच्या अक्षरांवर टाळ्या वाजवतो, आवाजावर वाजवत नाही. ‘फॉ’वर एक आणि ‘र्च्यु’वर एक, अशी टाळी पडली की समजावं. अशा वेळी वही मिटायला सांगा, पालथा हात हनुवटीखाली धरायला सांगा आणि शब्द सावकाश म्हणून घ्या. प्रत्येक स्वराला जबडा थोडा खाली येतो आणि हाताला लागतो. ‘फॉर्’ला तो चांगलाच लागतो, ‘नट्’ला जेमतेम. त्या जेमतेमकडेही लक्ष द्या, कारण शेवटी उच्चाराबद्दल जे सांगणार आहे त्याचं मूळ तिथेच आहे.

चार आले कुठून?

दोन ठिकाणांहून, आणि त्या दोघांचा एकमेकांशी संबंध नाही. खरा घोटाळा इथे होतो.

गाईडमधले चार म्हणजे शब्दाचे अर्थाचे भाग: यू-एन हा उपसर्ग, ‘फॉर्च्यून’ हा मूळ शब्द, त्याला लागलेला ए-टी-ई हा प्रत्यय आणि शेवटचा एल-वाय. डिक्शनरीच्या आवाजातले चार वेगळे. तिथे अमेरिकन माणूस भराभर बोलताना मधला स्वर गिळतो आणि अन्-फॉर्च्-नट्-ली म्हणतो. एक चार अर्थाचे, दुसरे चार घाईच्या उच्चाराचे. आकडा योगायोगाने सारखा आला म्हणून मुलाला वाटतं की दोघं एकच सांगताहेत, मग बाईंचेच पाच चुकले असणार.

अर्थाची फोड आणि आवाजाची फोड वेगळी असते हे मराठीत दाखवायला ‘अनपेक्षितपणे’ उत्तम शब्द आहे. अर्थाने तो अन् + अपेक्षित + पणे असा फुटतो. म्हणताना आपण अ-न-पेक्-षित्-प-णे म्हणतो. उपसर्गातला न् आणि ‘अपेक्षित’मधला अ मिळून एकच ‘न’ झाला आहे, म्हणजे अर्थाचा सांधा त्या एका अक्षराच्या पोटात आहे. आवाजाचा सांधा तिथे पडत नाही. हा शब्द फळ्यावर लिहून दोन रंगांच्या खडूंनी दोन्ही फोडी केल्या की सहावीतल्या मुलाला वेगळं काही समजवावं लागत नाही.

म्हणून दुसरी दुरुस्ती: वहीत एका शब्दाखाली कायम दोन ओळी. वरच्या ओळीत अर्थाचे भाग, मध्ये अधिकचं चिन्ह. खालच्या ओळीत सिलॅबल, मध्ये छोटी रेघ. चिन्हं मुद्दाम वेगळी ठेवायची. प्रश्नात ‘सिलॅबल’ म्हटलं असेल तर खालची ओळ लिहायची, ‘प्रीफिक्स’, ‘सफिक्स’ किंवा ‘रूट’ म्हटलं असेल तर वरची. माझ्या अनुभवात एवढ्यानेच निम्म्याहून जास्त चुका थांबतात.

एका शब्दावर पूर्ण काम

आता ‘अनफॉर्च्युनेटली’ नीट घेऊ. एकूण तेरा अक्षरं: यू, एन, एफ, ओ, आर, टी, यू, एन, ए, टी, ई, एल, वाय.

अर्थाची फोड शेवटाकडून सुरू करायची. पुष्कळ मुलं पुढून सुरुवात करतात आणि उपसर्गासारखं काही दिसलं की कापतात; त्याचे तोटे पुढे सांगते. शेवटचे एल-वाय झाका. उरतो ‘अनफॉर्च्युनेट’. हा इंग्रजीत स्वतंत्र शब्द आहे का? आहे, विशेषण आहे. म्हणजे एल-वाय खरोखर प्रत्यय होता. आता यू-एन झाका. ‘फॉर्च्युनेट’, हाही शब्द आहे. आता ए-टी-ई काढा. उरतं एफ-ओ-आर-टी-यू-एन. हा शब्द अर्धा वाटतो, पण त्याला ई परत दिला की ‘फॉर्च्यून’ होतो. स्वराने सुरू होणारा प्रत्यय लागताना शेवटचा मुका ई गळतो, हा इंग्रजी स्पेलिंगचा नेहमीचा नियम. प्रत्येक पायरीवर एकच प्रश्न विचारायचा: उरलेला तुकडा शब्द म्हणून जगात आहे का? असेल तर पुढे जायचं.

आता आवाजाची फोड. स्वराची अक्षरं मोजा: यू, ओ, यू, ए, ई आणि शेवटचा वाय, जो इथे ई सारखा वाजतो. सहा झाली. त्यातला ई मुका आहे, तो वजा करा. राहिले पाच. पाच स्वर वाजतात म्हणून पाच सिलॅबल. मग व्यंजनं वाटायची. एन आणि एफ शेजारी आहेत, मधून कापा. आर आणि टी शेजारी आहेत, मधून कापा. पुढे यू आणि ए यांच्यामध्ये एकटा एन आहे, तो पुढच्या ‘नेट’कडे जातो. टी-ई आणि एल-वाय यांच्यामध्ये कापा. हाती येतं: यू-एन, एफ-ओ-आर, टी-यू, एन-ए-टी-ई, एल-वाय.

दोन्ही ओळी एकाखाली एक ठेवून त्या मधल्या एन कडे बघा. वरच्या ओळीत तो ‘फॉर्च्यून’चा शेवट आहे, खालच्या ओळीत ‘नेट’ची सुरुवात. एकच अक्षर, दोन ओळींत दोन घरी. ज्या मुलाच्या हे लक्षात आलं त्याला बाकीचे शब्द जड जात नाहीत. आणि ज्या मुलाच्या लक्षात आलं नाही ते वर्षभर ‘फॉर्च्यु-नेट’ बरोबर की ‘फॉर्च्युन-एट’ बरोबर यावर भांडत राहतं.

शेपटाजवळचे बिघाड

एल-वाय लागताना शब्दाचं शेपूट कुठे कुठे बदलतं, आणि बहुतेक चुका तिथेच होतात. सगळे प्रकार इथे देत नाही, जे वारंवार अडतात तेवढे घेते.

‘अनकम्फर्टेबल’चं ‘अनकम्फर्टेबली’ होताना मुलं बी-एल-ई-एल-वाय असं लिहितात. इथे एल-ई जातात आणि त्यांच्या जागी एल-वाय बसतो, म्हणून शेवट बी-एल-वाय. ‘अनफॉर्च्युनेट’ला एल-वाय लागला तेव्हा एक सिलॅबल वाढलं होतं, चाराचे पाच झाले. इथे काहीच वाढत नाही, ‘बल्’च्या जागी ‘ब्ली’ येतो आणि संख्या तीच राहते. मुलाने सवयीने एक वाढवला की उत्तर चुकतं. वरच्या ओळीत मात्र ‘एबल’ आणि ‘एल-वाय’ हे दोन भाग वेगळे दाखवायचे, कारण अर्थाने ते दोन आहेत. शिवाय हा शब्द बोलताना मधला ‘फर्’ बहुतेक इंग्रज-अमेरिकन माणसं गाळतात आणि अन्-कम्फ्-ट-ब्ली म्हणतात. लिहून पाच, बोलून चार.

ए-एल ने संपणाऱ्या शब्दात दोन एल येतात, आणि त्यातला एक हमखास हरवतो. ‘ॲक्सिडेंट’ला आधी ए-एल लागून ‘ॲक्सिडेंटल’ झालं, मग एल-वाय लागला. पहिला एल आधीच्या प्रत्ययाचा, दुसरा पुढच्याचा. कानाला एकच ल ऐकू येतो, म्हणून कानावर विसंबणारी मुलं एक एल लिहितात, काही जण तर ए-एल ही दोन्ही अक्षरं खाऊन टाकतात. ही चूक ज्यांची मातृभाषा इंग्रजी आहे तेही करतात. इथे वरची ओळच वाचवते. अर्थाचे भाग नीट लिहिले की दोन्ही एल आपोआप येतात. ‘इलीगली’त तर हा प्रकार दोन्ही टोकांना आहे: पुढे उपसर्गाचा एल आणि ‘लीगल’चा एल, मागे ‘लीगल’चा शेवटचा एल आणि प्रत्ययाचा एल. ‘इरिस्पॉन्सिबली’त तसेच दोन आर.

‘बेसिकली’ आणि ‘ऑटोमॅटिकली’ हे शब्द तर आता मराठी बोलण्यात दिवसभर असतात. ऑफिसात, घरात, रिक्षात. आपण ऐकतो बे-सिक्-ली, तीन ठोके. लिहिताना आय-सी नंतर ए-एल-एल-वाय लागतं, म्हणजे डोळ्याला चार दिसतात. ‘ऑटोमॅटिकली’ डोळ्याला सहा, कानाला पाच. आय-सी ने संपणाऱ्या विशेषणाला क्रियाविशेषण करताना ए-एल-एल-वाय लावायचं, मग तो मधला ए-एल ऐकू येवो न येवो. ‘पब्लिकली’ हा ठळक अपवाद, त्याला नुसता एल-वाय लागतो. इथे मुलांना मी स्पष्ट सांगते की कान काय सांगतो ते उच्चाराच्या वेळी ऐका, स्पेलिंगच्या वेळी नको.

आता माझ्या विशेष आवडीचा प्रकार, जो पाठ्यपुस्तकं सहसा सांगत नाहीत. ‘मार्क्ड’ हा शब्द एका सिलॅबलचा आहे. त्यातला ई-डी आपण ट् सारखा उरकतो, मार्क्ट्. पण त्याला एल-वाय लावा आणि ‘मार्केडली’ म्हणा: मार्-किड्-ली. ई-डी मधला झोपलेला ई एकदम बोलू लागला. एकाचे दोन व्हायला हवे होते, झाले तीन. ‘सपोझ्ड’ सहसा दोन ठोक्यांत म्हणतात. ‘सपोझेडली’ म्हणताना चार होतात, स-पो-झिड्-ली. ‘अलेज्ड’ दोन, ‘अलेजेडली’ चार. वर्तमानपत्रांच्या इंग्रजी बातम्यांत हा शेवटचा शब्द रोज दिसतो आणि आपल्याकडे तो बहुतेक वेळा ‘अलेज्डली’ असा तीनच ठोक्यांत वाचला जातो. ‘अनएक्स्पेक्टेडली’त हा फरक जाणवत नाही, कारण टी नंतरचा ई-डी मुळातच वाजतो. म्हणून ई-डी आणि एल-वाय एकत्र दिसले की मुका ई वजा करण्याआधी थांबायचं आणि शब्द एकदा डिक्शनरीत ऐकायचा. वजाबाकीचा वर सांगितलेला नियम इथे फसतो.

वाय ने संपणाऱ्यांचं सोपं आहे: वाय चा आय होतो, ‘ऑर्डिनरी’चं ‘ऑर्डिनरिली’.

पुढचा खोटा उपसर्ग

यू-एन दिसला की ‘नाही’ असा अर्थ लावायची मुलांना घाई असते. ‘युनॅनिमसली’ म्हणजे एकमताने. याची सुरुवात यू-एन ने होते, म्हणून काही मुलं नकारार्थी उपसर्ग कापतात आणि अर्थ ‘मतभेदाने’ असा उलटा लावतात. हा यू-एन लॅटिन ‘ऊनुस’मधला, त्याचा अर्थ एक, पुढचा ‘ॲनिमुस’ म्हणजे मन. ‘युनिफॉर्मली’तही तेच: यू-एन-आय म्हणजे एक, आणि पुढे ‘फॉर्म’. ‘अंडरस्टँडेबली’त तर यू-एन हा ‘अंडर’चाच अर्धा भाग आहे.

परीक्षा तीच, मघाची. समजा तुम्ही यू-एन झाकला. उरलेला शब्द आहे का? ‘फॉर्च्युनेटली’ आहे, ‘कम्फर्टेबली’ आहे. ‘ॲनिमसली’ नाही, ‘डरस्टँडेबली’ नाही. नसेल तर उपसर्ग कापायचा नाही, डिक्शनरीत मूळ बघायचं. म्हणूनच मी शेवटाकडून सुरुवात करायला सांगते: मागून सोलत आलं की पुढचं खरं-खोटं कळायला मधला शब्द हाताशी असतो. शेपटालाही अशीच तपासणी लावा. ‘फॅमिली’तला एल-वाय प्रत्यय नाही. ‘फ्रेंडली’त तो प्रत्यय आहे, पण शब्द विशेषण आहे, क्रियाविशेषण नाही.

डिक्शनरीचे ठिपके कशाचे?

एवढं करूनही कधी कधी तुमचं उत्तर डिक्शनरीशी जुळत नाही. मेरियम-वेब्स्टरच्या डिक्शनरीत ‘कम्फर्टेबल’ बघा. ठिपके दोनच आहेत, म्हणजे तुकडे तीन, आणि शेवटचा ‘एबल’ अखंड. सिलॅबल म्हणून ए वेगळा आणि बी-एल-ई वेगळे व्हायला हवेत. मग डिक्शनरी चुकली का?

नाही. ते ठिपके मुळात सिलॅबल दाखवण्यासाठी नाहीत. छापताना ओळ संपली आणि शब्द अर्धवट राहिला तर तो कुठे तोडून पुढच्या ओळीवर न्यावा, हे ते दाखवतात. एकटं अक्षर लोंबकळत ठेवू नये असा छपाईचा संकेत आहे, म्हणून ‘अबाउट’ दोन सिलॅबलचा असूनही त्यात ठिपका नसतो. संगणकावरही हेच. १९८३ साली फ्रँक लियांग यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठात शब्द तोडण्याची जी पद्धत बसवली, ती टेक या अक्षरजुळणीच्या प्रणालीत आजही चालते. त्या प्रणालीत इंग्रजीसाठी ठरीव अट अशी की ओळीनंतर किमान तीन अक्षरं पुढे गेली पाहिजेत. एल-वाय ही दोनच अक्षरं, त्यामुळे तिथे ‘अनफॉर्च्युनेट’ एका ओळीवर आणि ‘ली’ पुढच्या ओळीवर असं कधी होत नाही. तरी ‘ली’ हे सिलॅबल आहेच. सिलॅबल हवी असतील तर ठिपक्यांकडे न बघता शेजारी दिलेल्या उच्चाराच्या खुणा बघा. त्यात मधल्या रेघांनी तुकडे दाखवलेले असतात.

इंग्रजांची आणि अमेरिकनांची पद्धतही एक नाही. ‘नॉलेज’ ब्रिटिश छपाईत पूर्वापार ‘नो’ आणि ‘लेज’ असा तोडायचे, म्हणजे ‘जाणणे’ या अर्थाचा के-एन-ओ-डब्ल्यू शाबूत राहील असा. अमेरिकन पद्धतीत तो एल मागच्या तुकड्यात जातो, कारण उच्चार ‘नॉल्-इज्’ असा आहे. एक पद्धत अर्थाकडे झुकते, दुसरी आवाजाकडे. म्हणजे आपल्या वहीतल्या दोन ओळींचाच हा वाद आहे.

हा वाद जुना आहे. १७८३ साली नोआ वेब्स्टर यांनी अमेरिकन मुलांसाठी स्पेलिंगचं पुस्तक काढलं, तेव्हा तिकडच्या शाळांत थॉमस डिलवर्थ या इंग्रज शिक्षकाचं पुस्तक चालत होतं. त्यात ‘क्लस्टर’ची फोड सी-एल-यू आणि एस-टी-ई-आर अशी होती, ‘हॅबिट’ची एच-ए आणि बी-आय-टी. वेब्स्टर यांचं म्हणणं, अशा फोडीने मूल शब्द चुकीचा वाचायला शिकतं. एस मागे घ्या, बी मागे घ्या, म्हणजे उच्चार आपोआप बरोबर येईल. मला हे वाचताना आपल्याच वर्गातली वही आठवते. देवनागरीत आपणही ‘क्ल-स्ट-र’ लिहितो, एस-टी पुढे ढकलतो, अगदी डिलवर्थसारखं. वेब्स्टर यांनी केलेली दुरुस्ती मराठी माध्यमाच्या मुलाला आज जशीच्या तशी लागू पडते.

कधी कधी दोन्ही फोडींत मेळ बसवताच येत नाही, आणि त्याची भीती बाळगायचं कारण नाही. ‘एक्स्ट्राऑर्डिनरिली’ हा त्याचा कमाल नमुना. अर्थाने ‘एक्स्ट्रा’, ‘ऑर्डिनरी’ आणि एल-वाय. पण बोलताना ‘एक्स्ट्रा’चा शेवटचा स्वर आणि ‘ऑर्डिनरी’चा पहिला स्वर मिळून बहुतेकांच्या तोंडी एकच ‘ट्रॉर्’ होतो. अर्थाचा सांधा इथे एका सिलॅबलच्या मधोमध, ए आणि ओ यांच्यामध्ये आहे. मेरियम-वेब्स्टरसुद्धा टी-आर-ए-ओ-आर हा तुकडा तोडत नाही.

फोड जमली, उच्चार अडकला

हा शेवटचा अडथळा. मुलगा पाच तुकडे बरोबर करतो आणि मग प्रत्येक तुकडा सारख्याच जोराने म्हणतो: अन्, फॉर्, च्यु, नेट्, ली. ऐकणाऱ्या परदेशी माणसाला शब्द कळायला वेळ लागतो. मराठीत आपण सगळी अक्षरं बऱ्याच सारख्या वजनाने बोलतो, इंग्रजीत एका सिलॅबलवर जोर पडतो आणि बाकीची आखडतात. इथे जोर ‘फॉर्’वर आहे. हनुवटीखालच्या हाताला तेच सर्वांत जास्त लागलं होतं.

‘नेट्’ला हात जेमतेम लागला, कारण खरा उच्चार ‘नट्’ किंवा ‘निट्’च्या जवळ आहे. ए-टी-ई ने संपणारा शब्द क्रियापद असेल तर शेवट ‘एट्’ असा ठसठशीत वाजतो, विशेषण किंवा नाम असेल तर तो सहसा दबतो. ‘सेपरेट’ हा एकच शब्द दोन्हीकडे चालतो: वेगळं करणे या अर्थी ‘सेपरेट्’, वेगळा या अर्थी ‘सेप्रट्’. ‘फॉर्च्युनेट’ विशेषण, म्हणून दबका. एल-वाय विशेषणाला लागतो, त्यामुळे ‘सेपरेटली’, ‘डेलिकेटली’, ‘इमिजिएटली’ या सगळ्यांत तो दबकाच. मराठीत आपण ‘अनफॉर्च्युनेटली’ असं ‘ने’ने लिहितो ते स्पेलिंग बघून, आणि मीही इथे तसंच लिहिलं आहे कारण वाचकाला तेच ओळखीचं आहे.

एक दिलासा असा की एल-वाय लागल्याने जोराची जागा सहसा हलत नाही. ‘अनफॉर्च्युनेट’मध्ये जिथे होता तिथेच ‘अनफॉर्च्युनेटली’मध्ये राहतो. अपवाद प्रामुख्याने ए-आर-वाय ने संपणाऱ्यांचा: अमेरिकन माणूस ‘नेसेसरी’त पहिल्या सिलॅबलवर जोर देतो, पण ‘नेसेसरिली’ म्हणताना तो ‘से’कडे सरकवतो, नेस्-अ-से-रि-ली. बाकी बहुतेक ठिकाणी विशेषण नीट म्हणता आलं की क्रियाविशेषण आलं.

परीक्षेत काय लिहायचं

पालक सर्वांत जास्त हेच विचारतात. बोर्डाच्या कृतिपत्रिकेत उपसर्ग किंवा प्रत्यय लावून शब्द बनवायला सांगतात, तिथे फक्त वरची ओळ कामाची, आणि स्पेलिंग त्याच ओळीवरून पक्कं करायचं. शाळेच्या चाचणीत किंवा वर्कबुकात सिलॅबल विचारली असतील तर लेखी फोड द्या, म्हणजे लिहिलेला प्रत्येक वाजू शकणारा स्वर मोजून. ‘अनकम्फर्टेबली’ पाच, ‘ऑटोमॅटिकली’ सहा. भराभर बोलताना गळणारे स्वर लेखी उत्तरात गाळू नका. बाईंनी त्याहून वेगळं शिकवलं असेल तर वहीत त्यांचं लिहा आणि वर्गात शांतपणे विचारा की हे बोलण्यातले ठोके आहेत की लिहिण्यातले. बहुतेक शिक्षकांना हा प्रश्न आवडतो.

घरी करून बघायला एक शब्द देते: ‘अनइंटेन्शनली’, म्हणजे मुद्दाम न करता. वरची ओळ अशी येईल: यू-एन, ‘इंटेंट’, आय-ओ-एन, ए-एल, एल-वाय. खालची: अन्, इन्, टेन्, शन्, अल्, ली, सहा ठोके. दोन्ही ओळींत दुसऱ्या टी वर बोट ठेवा. वर तो ‘इंटेंट’चा शेवट आहे, खाली ‘शन्’ची सुरुवात, आणि तिथे त्याचा ट हा आवाजही उरलेला नाही. मुलाने स्पेलिंगमध्ये टी च्या जागी एस-एच लिहिलं असेल तर त्याला वरची ओळ दाखवा.